सहा इंची चौकोन

दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
झवेरी सरांच्या दवाखान्यात
तेरा वर्षं मी लोकांच्या तोंडात उजेड धरते आहे.
रूट कॅनालच्या वेळी दाताभोवती ताणते
तो हिरव्या रबराचा चौकोन,
सहा इंच बाय सहा इंच, पुदिन्याच्या वासाचा.
एक दात तेवढा वर काढायचा,
बाकीचं तोंड पलीकडे.
पेशंट बिचकला की सांगते,
काही नाही हो, पडदा आहे.

पडद्याची सवय होती.
बोलायची नव्हती.

आश्विनात मुकुलच्या खालच्या ओठावर ताप मुतला.
त्याची आई असती तर लोणी लावून मोकळी झाली असती.
शनिवारी सेव उसळ पुढ्यात आली
तर हा तर्रीकडे नुसता बघत बसला,
कोरडा पाव उजव्या बाजूनं चघळत.
मी हसले.
रात्री तो नेहमीच्या वाटेनं खाली सरकू लागला
तेव्हा मात्र त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं,
कानांपाशी, पेशंटचं धरते तसं.
थांब, म्हटलं.

दुसरं लग्न आमचं, दोघांचंही.
पहिल्यात तिथवर कुणी आलंच नव्हतं,
म्हणून थांब म्हणायची वेळही आली नव्हती.
त्याला वाटलं, तोंडाला वास येतो.
मग वाटलं, मला कुणाची आठवण झाली.
दिवा लावून बसले आणि शब्द शोधत राहिले.
मराठीत 'तोंडी' म्हणजे परीक्षा.
ट्रस्टच्या पत्रकात छापलेला शब्द
संकल्प सांगणाऱ्या गुरुजींना शोभेल असा.
झवेरी सर गुजरातीतून सांगतात
तेही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून.
आणि आमच्या दोघांत जो शब्द आहे
तो इथे लिहीत नाही.

शेवटी सरळच सांगितलं, कीड लागली सांगते तसं:
हा फोड तापाचा नाही, विषाणूचा.
तोंडातून खाली उतरतो, तिथेच बिऱ्हाड करतो,
जात नाही, नुसता झोपून राहतो.
खपली पडून नवी कातडी येईपर्यंत
तुझं तोंड तुझ्यापाशी.
त्यानंतरही मधे पडदा,
कारण तो न दिसताही असू शकतो,
आणि दुसरे रोगही असतात, त्यांना फोड यावाच लागतो असं नाही,
तुझ्याकडून मला, माझ्याकडून तुला.
पडद्यानं धोका संपत नाही, पण पुष्कळ कमी होतो.

तो गप्प. प्रतापनगरच्या शेडमध्ये
गॅस्केट कापण्यात उमेद घालवलेला माणूस.
मग म्हणाला, म्हणजे जोडावर पॅकिंग.
एवढंच ना.
आधी का नाही बोललीस?

डबा दवाखान्यातला नाही आणला.
डीलरकडून घेतला, पैसे मोजून.
पावती कुणाच्या नावानं, त्यानं विचारलं.
घरच्या, म्हटलं.

पहिल्या वेळी चौकोन निसटला,
हसताना माझी उशी पलंगाखाली गेली.
खोबरेल घ्यायला उठला तर ओरडले:
तेलानं रबर विरतं, पाण्याचं जेल घे.
आणि उलटवू नकोस हं, एकदा जी बाजू माझी ती माझीच,
पुढच्या खेपेला नवा.
डबा संपला त्या रात्री
त्यानं निरोध घेतला, कात्री घेतली,
टोक उडवलं, कडी उडवली,
उभी चीर दिली,
उजेडात धरून काठ तपासला,
जणू उद्या यावरून इंजिन जाणार आहे.
इतकं मन लावून माझ्यासाठी
कुणी काही कापलं नव्हतं.

मंगळवारी सुभद्राबेन आल्या, खालची दाढ.
मी चौकोन ताणला,
क्लॅम्प बसवला,
पुदिन्याचा वास वर आला
आणि मला खिडकीकडे तोंड करावं लागलं.
काय झालं, सरांनी विचारलं.
काही नाही सर.
ट्रे देते.